निषेधाची यादी आणि रूढीचे कथन : चर्चचा कायदा, चूडी आणि सोवळे यांचा तौलनिक विचार

१

धर्मसंस्थेने लिहिलेला कायदा आणि त्या कायद्याच्या कक्षेत जगणाऱ्या माणसांच्या रूढी यांच्यातील ताण हा सामान्यतः इतिहासाचा विषय समजला जातो. साहित्याचा अभ्यासक त्याकडे वळतो तो एखाद्या कादंबरीची अथवा आत्मकथनाची पार्श्वभूमी जाणून घेण्यापुरता. प्रस्तुत निबंधाची भूमिका याहून वेगळी आहे. कायदा हाही एक संहिताप्रकार आहे. त्याला निवेदक असतो, संबोधित असतो, आणि ज्यांच्याविषयी तो सतत बोलतो पण ज्यांना बोलू देत नाही अशी माणसेही त्यात असतात. रूढीचे तसे नाही. रूढीला स्वतःची लिखित संहिता नसते; ती आपल्या हाती लागते ती एक तर कायद्याने केलेल्या निषेधाच्या यादीत, नाही तर कुणीतरी सांगितलेल्या कथनात. या दोन ठिकाणी सापडणारी रूढी एकच असते काय, आणि जिथे केवळ यादी उरली व कथन निर्माणच झाले नाही तिथे वाचकाने काय करावे, हे या निबंधाचे प्रश्न आहेत.

विवेचनासाठी रायपूरच्या परिसरातील एक ख्रिस्ती वसाहत आणि मराठीतील एक सर्वपरिचित आत्मकथन ही दोन स्थळे निवडली आहेत. वसाहत म्हणजे रायपूर व बिलासपूर यांच्या दरम्यान १८६८ नंतर उभे राहिलेले बिस्रामपूर, आजचे विश्रामपूर. आत्मकथन म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले 'स्मृतिचित्रे'. या दोहोंना जोडणारा भूगोल योगायोगाचा नाही. नारायण वामन टिळक यांनी काही काळ राजनांदगाव संस्थानात नोकरी केली, आणि १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले, ही हकिगत टिळकांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा एक महत्त्वाचा प्रवाह छत्तीसगडच्या वाटेवर वळण घेतो. परंतु त्याच छत्तीसगडात त्या वेळी पंचवीस वर्षांची झालेली ख्रिस्ती मंडळी आपल्या वाङ्मयेतिहासाच्या दृष्टिक्षेपात येत नाही.

तुलनेसाठी तिसरे स्थळ म्हणून स्वीडन घेतले आहे. चर्चचा कायदा आणि राज्याचा कायदा यांची इतकी घट्ट वीण प्रॉटेस्टंट युरोपात क्वचितच आढळते, आणि त्या विणीला तितकेच समर्थ कादंबरीवाङ्मय उत्तर म्हणून लाभले. शिवाय स्वीडिश ल्यूथरन मिशनचे कार्य १८७७ पासून मध्य प्रांतातच, पुढे सागर, छिंदवाडा, बैतूल या भागांत, चालले होते. त्यामुळे ही तुलना मध्य भारताच्या इतिहासाला अगदी परकी नाही.

२

स्वीडनमध्ये १५२७ च्या व्हेस्टेरोस येथील राज्यसभेने चर्चची सत्ता राजाकडे वळवली आणि १५९३ च्या उप्साला सभेने ल्यूथरन मत निश्चित केले. या व्यवस्थेला तपशीलवार लिखित रूप मिळाले ते अकराव्या कार्लच्या कारकिर्दीतील १६८६ च्या चर्च कायद्याने. प्रजेने कोणते मत मानावे एवढेच सांगून हा कायदा थांबला नाही. प्रश्नोत्तरी पाठ असल्याखेरीज प्रभुभोजनाला बसता येत नसे आणि विवाहही करता येत नसे. पाळकाने घरोघरी जाऊन कुटुंबाची धर्मज्ञानाची परीक्षा घ्यावी, आणि तिचा निकाल, जन्म, मृत्यू, स्थलांतर यांसह, नोंदवहीत उतरवावा अशी पद्धत त्यातून दृढ झाली. विवाहबाह्य संबंधासाठी चर्चमध्ये सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यावे लागे. ती शिक्षा रद्द झाली १८५५ मध्ये. १७२६ च्या आदेशाने घराबाहेरील माणसे जमवून खासगी उपासना करणे दंडनीय ठरवले. तो आदेश १८५८ पर्यंत टिकला. मान्यताप्राप्त अन्य पंथात जाण्यासाठी राज्याचे चर्च सोडण्याची मुभा १८६० मध्ये मिळाली, पूर्ण धर्मस्वातंत्र्य १९५१ मध्ये, आणि चर्च व राज्य यांची फारकत २००० मध्ये झाली.

या कायद्याची एक विपरीत फलश्रुती साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. परीक्षेसाठी वाचता आलेच पाहिजे, या सक्तीमुळे खेड्यापाड्यांतील शेतकरी, मोलकरणी वाचू लागल्या. आणि पुढे ज्यांनी पाळकाला डावलून घरी एकत्र बसून धर्मग्रंथ वाचायला सुरुवात केली त्यांना लोक 'वाचक' याच नावाने हिणवू लागले. कायद्याने निर्माण केलेला वाचक कायद्याचाच अपराधी ठरला. विल्हेल्म मोबर्ग यांच्या १९४९ मधील 'देशांतर करणारे' या आशयाच्या शीर्षकाच्या कादंबरीत दानयेल हा शेतकरी आपल्या घरी गावाने टाकलेल्या माणसांना जमवून उपासना करतो, पाळक त्याच्यावर १७२६ च्या आदेशाचा बडगा उगारतो, आणि अखेर ही मंडळी अमेरिकेचा मार्ग धरतात. येथे कायद्याची संहिता कादंबरीच्या कथानकात शिरते, पण निवेदनाची सूत्रे तिच्या हाती राहत नाहीत.

विवाहाच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ग्रामीण स्वीडनमध्ये वाङ्निश्चयानंतर स्त्रीपुरुषांनी एकत्र राहण्यास लोकरूढीची मान्यता होती. चर्चला मात्र विधीशिवाय विवाह मान्य नव्हता. १७३४ च्या राज्यसंहितेने या पेचातून काढलेला मार्ग मोठा मार्मिक आहे. वाङ्निश्चय होऊन शरीरसंबंध आला तर त्या नात्याला 'अपूर्ण विवाह' अशी कायदेशीर संज्ञा दिली गेली आणि त्या स्त्रीला काही हक्क मिळाले. रूढीला कायद्याने गिळले नाही. तिला एक उणे नाव देऊन आपल्या घरात कोपरा दिला.

या कोपऱ्यात किती अंधार होता ते सेल्मा लागेरलॉफ यांच्या 'जेरुसलेम' (१९०१-०२) या कादंबरीच्या आरंभी दिसते. इंगमार हा प्रतिष्ठित शेतकरी लग्न लांबणीवर टाकतो. ब्रिता लग्नविधीपूर्वीच त्याच्या घरात राहायला आलेली असते. विधी न झाल्याची लाज तिच्या वाट्याला येते, इंगमारला तिची झळ लागत नाही. ती आपल्या नवजात मुलाचा जीव घेते आणि तुरुंगात जाते. शिक्षा संपल्यावर तिला आणायला इंगमार स्वतः जातो, आणि ज्या गावाने तिच्याकडे पाठ फिरवली त्याच गावाला त्याच्या या कृतीचा मोठेपणा कबूल करावा लागतो. न्यायालयाने दिलेला निकाल आणि गावाने दिलेला निकाल असे दोन निकाल कादंबरीत आहेत. कायद्याच्या पुस्तकात 'अपूर्ण' या एका विशेषणाने जे मिटवले होते ते कादंबरीने एका स्त्रीच्या दिवसांच्या हिशेबात उलगडले.

स्वीडिश उदाहरणाचे सार असे की तेथे कायदा, नोंदवही आणि कथन हे तीनही संहिताप्रकार एकाच भाषेत, एकाच समाजात उपलब्ध आहेत. कादंबरीकाराला कायद्याशी वाद घालता येतो, कारण कायद्याने ज्यांची नावे नोंदवली त्यांचे वंशजच आता वाचक आणि लेखक झालेले असतात.

३

निषेधाची यादी मराठीच्या परिसरालाही अपरिचित नाही. गोव्यातील १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने नवख्रिस्ती समाजाच्या रूढींविषयी निर्णय घेतले. पुढे १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने त्या रूढींची जी तपशीलवार मनाई केली ती अ. का. प्रियोळकर यांनी 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१) या ग्रंथातून अभ्यासकांसमोर आणली. लग्नातील हळद, विड्याची पाने, ओव्या; पुरुषांचे धोतर, स्त्रियांची चोळी; अंगणातील तुळस; मीठ न घालता शिजवलेला भात; एकादशीचा उपास: ही यादी वाचताना असे जाणवते की मनाई करणाऱ्याने ज्या सूक्ष्मतेने घर न्याहाळले तितक्या सूक्ष्मतेने त्या काळातील कोणत्याही ललितकृतीने ते न्याहाळलेले नाही. रूढीचा सर्वांत तत्पर टिपणकार तिचा शत्रू असतो. बाप्तिस्म्यानंतर दोन शतके लोटली तरी ज्या गोष्टींची मनाई करावी लागते त्या गोष्टी अर्थातच जिवंत असतात. जाहीरनामा हा रूढीच्या पराभवाचा नव्हे, तिच्या टिकाऊपणाचा पुरावा ठरतो.

परंतु गोव्याला या यादीच्या समोर ठेवण्याजोगी एक काव्यकृती लाभली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ने १६१६ मध्येच ओवी ख्रिस्ती कथेसाठी स्वीकारली होती. ज्या ओव्या १७३६ मध्ये लग्नघरात निषिद्ध ठरल्या त्यांचा छंद सव्वाशे वर्षांपूर्वी चर्चच्या संमतीने छापला गेला होता. कायदा आणि काव्य यांची ही विसंगती मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. बिस्रामपूरकडे वळताना तिची आठवण ठेवणे इष्ट, कारण तेथे यादी आहे, काव्य नाही.

अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटीचे ऑस्कर लोर १८६८ मध्ये छत्तीसगडात आले. सतनामी पंथाविषयी त्यांना मोठी आशा होती. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गावोगावच्या चर्मकार समाजातून प्रामुख्याने, जो पंथ उभारला त्याने मूर्तिपूजा नाकारली होती, मांस, मद्य, तंबाखू वर्ज्य केले होते, आणि सत्यनामाच्या उपासनेवर भर दिला होता. मूर्ती न मानणारा समाज ख्रिस्ताकडे सहज वळेल असे लोर यांना वाटले. प्रत्यक्षात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या संथपणे वाढली. येथे एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. या नवख्रिस्ती लोकांजवळ होते ते 'हिंदू अवशेष' नव्हते. एका धर्मसुधारणेचे नियम, गुरूची गादी, गावोगावचे भंडारी व साठीदार हे पंथाचे पदाधिकारी, आणि न्यायनिवाडा करणारी पंचायत अशी सबंध व्यवस्था त्यांना ठाऊक होती. चर्चचा कायदा रिकाम्या पाटीवर लिहिला गेला नाही. आधीच्या एका कायद्यावर लिहिला गेला.

बिस्रामपूरची आणखी एक विशेषता अशी की जमीन मिशनने विकत घेतली होती. मिशनरी हा पाळक होता आणि मालगुजारही होता. सारा त्याच्याकडे, शाळा त्याची, दवाखाना त्याचा, आणि प्रभुभोजनाला कोणी बसावे हा निर्णयही त्याचा. ब्रिटिश हिंदुस्थानात चर्चला स्वीडनसारखे राज्यबळ नव्हते. ते या वसाहतीत जमिनीच्या मालकीने भरून काढले. इतिहासकार सौरभ दुबे यांनी 'अनटचेबल पास्ट्स' (१९९८) आणि इतर लेखनात या व्यवस्थेचे, तसेच बिस्रामपूरच्या मंडळीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदीत तयार झालेल्या विशेष आज्ञांचे विश्लेषण केले आहे. मंडळीची शिस्त, जातिभेदाचा त्याग आणि विवाहाचे पावित्र्य हे मिशनच्या चिंतेचे केंद्र होते. आणि त्या केंद्राच्याही मध्यभागी होती चूडी.

चूडी म्हणजे बांगडी. छत्तीसगडातील अनेक जातींत पहिला विवाह साग्रसंगीत होई. परंतु विधवा झालेली किंवा नवऱ्याला सोडून निघालेली स्त्री दुसऱ्या पुरुषाच्या हातून बांगड्या भरून घेई आणि त्याची पत्नी म्हणून राहू शके. पहिला नवरा हयात असल्यास त्याला भरपाई द्यावी लागे, जातीला भोजन घालावे लागे, आणि नाते मान्य होई. मराठी वाचकाला येथे पाट अथवा मोहतूर यांची आठवण होईल. पेशवाईत पाटदाम या नावाचा करच घेतला जाई, म्हणजे राज्याने त्या नात्याला, किमान महसुलाच्या वहीत, मान्यता दिली होती. मिशनऱ्यांनी मात्र चूडीला व्यभिचार मानले. त्यांच्यामागे राज्याचे कायदेही होते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने एतद्देशीय ख्रिस्ती वधूवरांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा अशी अट घातली, आणि १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार केवळ नवऱ्याचा व्यभिचार हे कारण पत्नीला पुरेसे नव्हते. त्याला क्रौर्य, परित्याग अशा आणखी एखाद्या दोषाची जोड द्यावी लागे. ही विषमता दूर झाली ती २००१ च्या दुरुस्तीने.

म्हणजे बाप्तिस्म्याने छत्तीसगडातील स्त्रीपुढे एक दार उघडले तेव्हा दुसरे बंद झाले. जातीच्या अस्पृश्यतेपासून मुक्ती देऊ करणारी व्यवस्था, नकोशा नवऱ्यापासून मुक्त होण्याची तिची रूढ वाट पाप म्हणून नोंदवत होती. अर्थात या रूढीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भरपाई नवऱ्याला मिळे, स्त्रीला नव्हे. भोजन जातीच्या पुरुषांच्या सत्तेला पुष्टी देई. तरीही स्वीडनच्या १७३४ च्या संहितेशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तेथे कायद्याने रूढीला 'अपूर्ण विवाह' म्हटले. येथे मिशनने तिला विवाहच म्हटले नाही. आणि मंडळीतील माणसांनी काय केले? दुबे यांच्या अभ्यासातून दिसते ते असे की त्यांनी चूडी सोडली नाही. ते ख्रिस्ती राहिले आणि बांगड्याही भरत राहिले.

४

या ठिकाणी आपण 'स्मृतिचित्रे'कडे वळू. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव मुख्यतः तीन शब्दांनी केला आहे: साधेपणा, प्रांजळपणा आणि विनोद. हे शब्द चुकीचे नाहीत, परंतु त्यांनी एक गोष्ट झाकली गेली. 'स्मृतिचित्रे' हे आरंभापासून अखेरपर्यंत धर्मशासनाविषयीचे लेखन आहे. त्यात कायदा नेहमी कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी भांड्याशी, पाण्याशी निगडित होऊन येतो म्हणून तो कायदा आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर ओढवलेल्या प्रसंगानंतर त्यांना शुद्धतेचे वेड लागले; बाजारातून आलेला जिन्नस, मग तो मीठ असो वा साखर, धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. हा प्रसंग आपण हसत वाचतो. पण मीठ आणि साखर पाण्यात धुतली की उरते काय, या साध्या भौतिक सत्यातच लक्ष्मीबाईंचा युक्तिवाद आहे. नियम जेव्हा वस्तूचा स्वभाव विचारात घेत नाही तेव्हा तो वस्तूच नाहीशी करतो. कोणत्याही सुधारकाच्या निबंधात सोवळ्याचे इतके नेमके खंडन आढळत नाही, आणि येथे तर खंडन करण्याचा आवही नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त होते. या अवस्थेसाठीही एक कायदा उपलब्ध होता. एतद्देशीय धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी १८६६ मध्ये संमत झालेल्या अधिनियमानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सहवास नाकारला तर धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयात जाता येई. न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रश्न विचारायचे, विचारासाठी एक वर्षाची मुदत द्यायची, आणि तरीही नकार कायम असेल तर विवाह रद्द ठरवायचा. टिळक पतिपत्नींच्या बाबतीत हा मार्ग अवलंबला गेला नाही. कायद्याने वर्षभराची मुदत ठरवली होती. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांचा वृत्तांत हा 'स्मृतिचित्रे'चा कणा आहे. त्यांची स्थिती छत्तीसगडातील स्त्रीच्या अगदी उलट होती. त्यांच्या जातीत पाट नव्हता, चूडी नव्हती. नवरा हयात, पण जातीच्या दृष्टीने नाहीसा झालेला. सधवा म्हणून वावरावे तर लोकांच्या नजरा, आणि विधवा तर त्या नव्हत्याच. राज्याचा कायदा, चर्चचा कायदा आणि जातीची रूढी या तिहींपैकी एकाकडेही त्यांच्या अवस्थेला चपखल नाव नव्हते.

नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी काही काळ वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक सांभाळला. मतांतर आधी झाले आणि आचार नंतर बदलला, असा क्रम धर्मांतराच्या कथांत सामान्यतः गृहीत धरला जातो. येथे तो उलटा आहे. जातिभेद माणसाने निर्माण केला, तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी आपण प्यावे, असा निर्णय त्यांच्या मनात एका प्रवासात होतो. आधी पाणी बदलते, सिद्धान्त मागाहून येतो, आणि बाप्तिस्मा १९०० मध्ये. चर्चच्या नोंदवहीत यातील फक्त शेवटची तारीख मावते. आत्मकथनाने त्या तारखेच्या आधीची वर्षे वाचवली.

म्हणून लक्ष्मीबाईंचा विनोद हा स्वभावविशेष म्हणून बाजूला काढता येत नाही. ज्या स्त्रीला कोणत्याच न्यायासनासमोर बोलण्याची जागा नव्हती तिने उभारलेले ते न्यायासन आहे. तेथे वडिलांचे सोवळे, सासरची रीत, मिशनच्या आवारातील नवे शिष्टाचार आणि स्वतःचा हट्ट, सगळ्यांची समान तपासणी होते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचे निवेदन चर्चच्या बाजूचे होत नाही, हे विशेष. या बाबतीत टिळकांचा प्रवासही समांतर आहे. भजन आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा ही चर्चच्या कायद्याची पहिली ओळ. टिळकांनी ती ऐच्छिक केली. हा दरबार त्यांच्या मृत्यूमुळे १९१९ नंतर फोफावू शकला नाही, परंतु अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पुराणाच्या परंपरेतील ते काव्य 'क्रिस्तपुराणा'शी तीन शतकांच्या अंतराने संवाद करते.

५

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. तीन स्थळी एकच ताण दिसला, पण त्याच्या वाङ्मयीन नोंदी सारख्या नाहीत. स्वीडनमध्ये कायद्याने नोंदवलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत कादंबरी मिळाली. महाराष्ट्रात नाव नसलेल्या अवस्थेतील एका ब्राह्मण स्त्रीला, जिला अक्षरओळखही विवाहानंतर झाली, आत्मकथन लिहिता आले. त्यामागे कवी नवरा, मुद्रणाशी परिचित ख्रिस्ती वर्तुळ आणि लेखनात साहाय्य करणारा मुलगा ही अनुकूलता होती. बिस्रामपूरच्या चूडी भरलेल्या स्त्रीजवळ यातील काही नव्हते. तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते तिला मनाई करणाऱ्याने लिहून ठेवले म्हणून.

ही उणीव गुणवत्तेची नाही, साधनांच्या वाटपाची आहे. आणि तिचा परिणाम आपल्या वाङ्मयेतिहासावर झाला आहे. 'भारतीय ख्रिस्ती अनुभव' म्हणून आपण जे वाचतो, शिकवतो त्यात प्रायः अशा धर्मांतरितांचे लेखन असते ज्यांना बाप्तिस्म्याने काहीतरी गमवावे लागले: घर, जात, प्रतिष्ठा. त्यागाची कथा आपल्याला ओळखीची वाटते. ज्यांना गमावण्यासारखी प्रतिष्ठाच जातीने दिली नव्हती, ज्यांना मिशनच्या जमिनीवर कसायला मिळाले, शाळा मिळाली, आणि त्या बदल्यात आपल्या नात्यांचा हिशेब मालगुजार-पाळकाला द्यावा लागला, त्यांची कथा या साच्यात बसत नाही. 'स्मृतिचित्रे'तील पाण्याचा प्रश्न आणि बिस्रामपुरातील बांगडीचा प्रश्न शेजारी ठेवले तर धर्मांतराचा अर्थ जातीच्या शिडीवरील स्थानानुसार कसा बदलतो ते दिसते. वरच्या पायरीवर चर्च आचाराची बंधने सैल करते. खालच्या पायरीवर तेच चर्च बंधने आवळते.

तौलनिक अभ्यासकाने येथे काय करावे? निषेधाची यादी उलट्या बाजूने वाचावी, हा एक मार्ग. जे पुन्हा पुन्हा वर्ज्य ठरवले जाते ते टिकून आहे. ज्यासाठी शिक्षा वाढते त्याची गरज मोठी आहे. ज्याला कायदा नाव देण्याचेच नाकारतो त्याला लोकांत नाव असते. परंतु या वाचनाला मर्यादा घालून घेतली पाहिजे. यादी पाहणाऱ्याला ज्याची भीती वाटली तेवढेच सांगते. चूडी भरून घेताना त्या स्त्रीला काय वाटले, पहिल्या घरातून ती का निघाली, मंडळीत तिला बोलणी खावी लागली तेव्हा तिने काय उत्तर दिले, हे यादीतून काढता येत नाही, आणि अभ्यासकाने ते कल्पनेने भरून तिच्या तोंडी घालणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा मुकी करणे होय. लागेरलॉफ यांना ब्रिता निर्माण करण्याचा अधिकार कादंबरीने दिला. समीक्षेला तो अधिकार नाही.

दुसरा मार्ग अधिक श्रमाचा, पण खात्रीचा आहे. छत्तीसगडातील स्थानिक ख्रिस्ती प्रचारकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ठेवलेल्या रोजनिशा, घासीदासांच्या कथेला ख्रिस्ती वळण देणाऱ्या मौखिक आणि लिखित परंपरा, सतनामी पंथाची गीते, छत्तीसगडी विवाहगीते: या सामग्रीचा काही भाग इतिहासकारांनी अभ्यासला आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा नाही. ती हिंदीची अथवा इतिहासाची आहे असे म्हणून मराठीने बाजूला ठेवण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठीचा वावर आहे. टिळकांच्या धर्मांतराची वाट तेथून जाते. आणि पाट व चूडी या एकाच रूढीच्या दोन बोली आहेत. 'स्मृतिचित्रे' शिकवताना तिच्याबरोबर बिस्रामपूरच्या आज्ञाही वर्गात वाचल्या गेल्या, तर विद्यार्थ्याला लक्ष्मीबाईंच्या विनोदामागचा कायदा दिसेल आणि त्या आज्ञांमागे असलेली, ज्यांनी काहीच लिहिले नाही अशी माणसे आहेत याचे भान राहील.

चर्चच्या कायद्याने स्वीडनमध्ये वाचक घडवले आणि त्या वाचकांनी कायद्याला प्रश्न विचारले, हे आपण पाहिले. बिस्रामपूरच्या शाळेतही वाचक घडले. त्यांनी काय वाचले, आणि लिहिण्याची संधी मिळाली तेव्हा काय लिहिले, याचा शोध घेणे हे मराठी, हिंदी आणि छत्तीसगडीच्या अभ्यासकांनी मिळून हाती घेण्याचे काम आहे.